खंड्यासाठी हूक

संस्कृतीचं लग्न झालं, त्या वर्षीच्या भादव्यातली ही गोष्ट. धाकटी लेक सासरी गेली आणि पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या सोनबाच्या घरात बोलायला बायको विजयमाला, मोबाईल बघायला मुलगा रविराज आणि रवंथ करायला खंड्या बैल, एवढीच मंडळी उरली.

रान बहुतेक इमारतींखाली गेलं होतं. राहिला होता घरामागचा उसाचा तुकडा, एक जुनी जीप आणि छोट्या ट्रॅक्टरबरोबर घेतलेली बुटकी ट्रॉली. ट्रॅक्टर विकला, ट्रॉली कुणी घेतली नाही. तिच्यात विजयमालेच्या कोंबड्या अंडी घालायच्या.

पोळ्याला देवळापुढं तोरण बांधतात. त्याखालून पहिला बैल सोनबाच्या घरचा जायचा, हा आजा-पणज्यापासूनचा मान. पण घर आणि देऊळ यांच्या मधून आता रुंद रस्ता गेला होता, त्याच्या मधोमध दुभाजक. लांबचा वळसा घालून जायचं म्हटलं तर म्हाताऱ्या खंड्याचे गुडघे अर्ध्या वाटेत बसले असते. गावात बैल म्हणावा असा तेवढाच एक उरलेला. हे ओळखून गावपुढारी आप्पासाहेबांनी देवळात बैठकीतच सांगून टाकलं, "यंदा तोरणाखालनं माझा ट्रॅक्टर पहिला जाईल. बैल आता येतोय कुठला!"

सोनबा घरी आला तो चपला भिरकावतच.

"जितं जनावर दारात हाय माझ्या, आन् मान लोखंडाला?"

"टेंपो बोलवू की, आबा," रविराज मान वर न करता म्हणाला.

"टेंपो! भैरूला टेंपोतनंच न्हेला न्हवं दवाखान्यात? आला का माघारी?"

भैरू म्हणजे खंड्याचा जोडीदार. तो गेल्यापासून टेंपोचा नुसता आवाज आला तरी खंड्या दावं तोडायला बघायचा.

"मग करणार काय?"

"जीप हाय. ट्रॉली हाय. मधी एक हूक पायजे."

"गॅरेजला टाका ना. उगाच रिस्क कशाला?"

"त्यो म्हनतो पोळा झाल्यावर या. पोळा झाल्यावर काय हुकाला पुरनपोळी चारू? मीच बसवतो."

ड्रिल समोरच्या सोसायटीतल्या यज्ञेश्वररावांकडं होतं. जन्म सदाशिव पेठेतला; नोकरी संपल्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. ते म्हणाले, "ड्रिल देतो. पण मीही येणार. माझी वस्तू एकटी कुठं जात नाही."

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं होतं की चिखलाची ढेकळं तापून निघाली. लिंबाखाली जीप उभी करून सोनबानं चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलून चासीच्या लोखंडी सांगाड्याखाली लाकडी ठोकळे सारले आणि पोतं अंथरून उताणा आत शिरला.

"बंपरलाच मारा की भोकं," रविराज म्हणाला. "सोपं आहे."

"बंपर पत्र्याचा. पैल्या झटक्याला हातात यील. चासीला धरलं पायजे."

"हे मात्र जीपच्या माहितीपुस्तकातही असंच दिलंय," यज्ञेश्वरराव म्हणाले. "आपलं दोघांचं एकमत झालं, आता पाऊस पडणार."

लोखंडाचा कीस सोनबाच्या मिशांत पडत होता. भोकं पडली, बोल्ट गेले, वॉशर बसले. नट आवळताना पान्ह्यावर रविराजलाही लोंबकळावं लागलं. मधेच सोनबा उठला, खंड्याला जीपमागं आणून उभा केला, दोरीनं काहीतरी मापलं आणि पुन्हा कामाला लागला. दुपार कलली तेव्हा जीपच्या मागं छातीएवढा उंच लोखंडी खांब उभा होता. त्याच्या टोकाला हूक.

यज्ञेश्वरराव चष्मा पुसत खांबाभोवती फिरले.

"सोनबा, झेंडा कधी चढवताय?"

"झेंडा कशाला? ट्रॉलीची दांडी हितं अडकायची."

"दांडी तर तुमच्या गुडघ्याशी आहे."

सोनबानं दांडीकडं पाहिलं. मग हुकाकडं.

"माप कुणाचं घेतलंत?"

"खंड्याचं. मानंचं."

"आणि ओढायचंय कुणी?"

सोनबा मटकन पोत्यावर बसला. विजयमालेच्या हातातला चहा हसून हसून बशीत सांडला. "अगं बया! जीपला जुंपायला निघालं हुतं बैलाच्या मापानं!"

"हसू नगंस. गाडी जोडायची म्हनलं की हात आपसूक मानंकडंच ग्येला. जलमभर दुसरं माप घेतलंय कुठं?"

खांब कापला, हूक दांडीच्या उंचीला आणला. यज्ञेश्वररावांच्या सांगण्यावरून जोडीला जाड साखळीही लावली. नुसती ट्रॉली मागं लावून सोनबा उसाच्या बांधाला दोन चकरा मारून आला. अंडी सोडून सगळं शाबूत राहिलं.

पोळ्याच्या सकाळी खंड्या सजला. शिंगं रंगवली, पाठीवर झूल, गळ्यात घुंगुरमाळ. ट्रॉलीला जाड फळी लावली. पण खंड्या फळीवर पाय ठेवीना. चुचकारलं, पेंड दाखवली, रविराजनं मागून रेटलं. खंड्यानं सगळ्यांना हिसडा दिला आणि वळसा घालून थेट ट्रॉलीच्या पुढं गेला. दांडीशेजारी उभा राहिला आणि मान खाली घालून वाट बघू लागला.

कुणाला हसू आलं नाही. पलीकडून ट्रॅक्टरच्या मिरवणुकीचा ताशा ऐकू येत होता.

"ऱ्हाऊ द्या, आबा," रविराज हळूच म्हणाला.

विजयमाला घरात गेली आणि माळ्यावरचं जू घेऊन आली. "अवं, वढनारा हाय त्यो. वझं हून कसा चढंल?" तिनं जू ट्रॉलीच्या पुढच्या कठड्याला आडवं बांधायला लावलं, भैरूच्या बाजूला गवताचा भारा ठेवला आणि हाक मारली, "चल रं खंड्या, जुंपायचंय."

खंड्यानं जुवाचा वास घेतला. खाड खाड फळी चढला आणि आपणहून मान जुवाखाली दिली.

सोनबानं जीप पहिल्या गिअरात काढली. साखळी खुळखुळत होती, हूक जागचा हलला नाही. मागं खंड्या जागच्या जागी पाय टाकत, जोर लावत होता. सोसायटीच्या बाल्कन्यांतून लोक मोबाईल धरून उभे होते. त्यांना वाटलं बैल घाबरलाय. सोनबा आरशात बघून पुटपुटला, "दम धर लेका, चढ संपला."

देवळाशी फुलांनी मढवलेला ट्रॅक्टर तोरणापाशी पोचलाच होता. आप्पासाहेब आडवे आले.

"वाहनातनं आलेल्या बैलाला मान नसतो."

"अहो आप्पासाहेब," यज्ञेश्वरराव रिक्षातून उतरत म्हणाले, "तुमचा ट्रॅक्टर पायी आला का?"

ताशेवाले आधी हसले. मग सगळा गाव हसला, आणि आप्पासाहेबांना ट्रॅक्टर मागं घ्यावा लागला.

खंड्या फळीवरून उतरला. सबंध वाट आपणच जीप ढकलत आणल्यासारखा त्याचा ऊर धपापत होता. क्षणभर थांबला, शिंगं हलवली आणि तोरणाखालून आपल्या चार पायांनी पहिला गेला. विजयमालेनं त्याला पुरणपोळी चारली. सोनबा ट्रॉलीमागं जाऊन उगाच साखळी तपासत राहिला.

हूक अजून जीपला आहे.

खंड्या त्याच वर्षी, वसुबारसेच्या सकाळी, गोठ्यात मेला.