दाराजवळचा कप्पा

माझ्या पोटावर पाय देणारं दुसरं कोणी नव्हतं, माझीच मुलगी होती. मी विमानतळावर टॅक्सी चालवतो आणि ती बस कंपनीत इंजिनिअर. शहरातून विमानतळापर्यंत थेट बस काढायची कल्पना तिचीच. रांगेतले टॅक्सीवाले तिला घरभेदी म्हणायचे आणि हसायचे. मी घरी अबोला धरला. तिच्या आईने वैतागून आम्हाला वेगवेगळं वाढायला सुरुवात केली.

बस रिकामीच धावू लागली. जे थोडे चढायचे तेही दारातच बॅगा धरून उभे. सामानाची जागा मागच्या टोकाला, आणि बॅग नजरेआड करायला कोणी तयार नाही. महिनाअखेर बस भरली नाही तर बंद, असं साहेबांनी तिला सुनावलं होतं. खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. पण आतल्या खोलीत पोरगी नुसतं ताट चिवडायची आणि बाहेर मीही अर्ध्या जेवणावरून उठायचो.

एका रविवारी ती माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली. दिवसभर माझ्याबरोबर फिरली. डिकी बंद होईपर्यंत प्रवासी कसे मागे वळून बघतात, तेवढंच बघत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने दाराजवळच्या सीटा काढून तिथे सामानाचा कप्पा करायला घेतला. सीट कमी म्हणजे उत्पन्न कमी, म्हणून साहेब तापले. ती हटली नाही. हट्टीपणात माझ्यावर गेली आहे.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी रांगेत माझा नंबर पहिला होता. एक बाई दोन अवजड बॅगा घेऊन आल्या, शहराच्या पार पलीकडे जायचं म्हणाल्या. असं भाडं रोज मिळत नाही. समोर बस भरत आली होती आणि दाराशी मुलगी उभी होती, नखं खात. मी डिकी उघडली आणि परत लावली.

"बाई, बसने जा. सामान डोळ्यांसमोर राहील."

टॅक्सीवाला असून असं कसं सांगता, असं त्यांनी विचारलं.

"माझ्या मुलीने केलीय ती बस," मी म्हणालो. छाती अशी फुगली की शर्टाची बटणं तुटायची बाकी होती.

बॅगा मीच कप्प्यात ठेवल्या. मुलीने डोळे पुसले आणि मला बाजूला व्हायला सांगितलं, कारण मागे माणसं खोळंबली होती. बस खच्चून भरून निघाली.

रांगेत गाडी सोडली की नंबर जातो, हा आमचा नियम. मी गाडी शेवटी नेऊन लावली. पुढच्याने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय, तूही घरभेदी झालास?"

"झालो," मी म्हणालो. "पोरीवर गेलोय."