तिसऱ्या घंटेआधी

शुक्रवारी सकाळी द्वारकेनं कुवेतच्या फरवानिया भागातल्या आपल्या खोलीत काळ्या झग्याची शिवण तिसऱ्यांदा तपासली. संध्याकाळी मराठी मंडळाचं नाटक होतं. मध्ययुगात पुरुषवेषात चर्चच्या मठात शिरून, शिकून, धर्मगुरूच्या पदाला पोचलेल्या बाईची गोष्ट. ती भूमिका द्वारकेचीच होती. पण आज जीव थाऱ्यावर नव्हता. तिच्या गावचा रूपेश नुकताच कंत्राटावर कुवेतला आला होता, आणि तोही नाटकाला येणार होता.

पाच वर्षांपूर्वी द्वारकेचा नवरा वारला. सख्ख्या बहिणीच्या लग्नात तिला मागच्या पडवीत बसवलं गेलं. शिवणकामाचा व्हिसा मिळाल्यावर तिनं विमानातच कपाळाला पुन्हा कुंकू लावलं, गळ्यात मंगळसूत्र घातलं. इथं ती सांगे, ‘मिस्टर राजापूरला असतात.’

भीती खरी ठरली. शाळेच्या हॉलमध्ये नेपथ्य उचलताना रूपेश कौतुकानंच बोलून गेला, “काका गेल्यावर द्वारकाकाकू एकटी उभी राहिली.”

मंडळाच्या अध्यक्षा विशाखाताईंनी ते ऐकलं. नाटकाआधीच्या पूजेचं ताट त्यांनी द्वारकेच्या हातून काढून घेतलं.

“फसवलंस गं आम्हाला. नाटक कर, पण नटराजाच्या पूजेला समोर येऊ नकोस.”

“फसवलं खरं,” द्वारका म्हणाली. “खरं सांगितलं असतं तर बोलावलं असतंत?”

विशाखाताईंनी ताट मागच्या टेबलावर ठेवलं. दिग्दर्शक सखाराम, जहरा शहरातला सुतार, काकुळतीला आला. “पाच मिन्टांचा प्रश्न, गो. विंगेत उभी ऱ्हव.”

“चार वर्षं लपले, सखारामदादा. आता पाच मिनिटंही नाही. पूजेला नको असेन, तर नाटकालाही नाही.”

तिनं मंगळसूत्र काढून पर्समध्ये ठेवलं. कुंकू पुसलं नाही. ते तिचं लग्नाआधीचं, परकरी पोर असल्यापासूनचं होतं. मग अंगावरच्या झग्यासकट ती बंद पडद्यापुढे जाऊन उभी राहिली.

“मी विधवा आहे,” ती म्हणाली. “आजची पूजा मी करणार आहे. कुणाला चालत नसेल, त्यांनी आत्ताच सांगावं.”

मग खुर्च्या सरकल्या. चार कुटुंबं उठून बाहेर पडली. त्यांतल्या दोघी दर दिवाळीला तिच्याकडूनच ब्लाउज शिवून घेत. बाकीचे बसून राहिले, बरेचसे खाली बघत.

सखारामनं ताट आणून तिच्या हातात दिलं. तिनं नारळ वाढवला. नाटक झालं, टाळ्याही पडल्या.

पण वाचकहो, खाली बघत बसलेल्यांपैकी एकानंही त्या उठणाऱ्यांना ‘थांबा’ म्हटलं नाही. आपण तिथं असतो, तर म्हटलं असतं?