श्वास कोंडलेल्या घराचा मागील दरवाजा

सन्माननीय वाचकांनो आणि बालमित्रांनो, प्रस्तुत लेखात मी माझ्या जीवनाचा वृत्तांत यथाशक्ती सादर करणार आहे. तो शांत चित्ताने वाचावा, ही विनंती.

मी एक जुना दरवाजा आहे. डोंगराखालच्या एका खेड्यातील दगडी घराच्या स्वयंपाकघराच्या मागील बाजूस मी आहे. एका वृद्ध सुताराने जाड फळ्या जोडून मला घडविले. शेतकऱ्यांच्या जड बुटांनी माझ्याखालील दगडी उंबरठा मधोमध झिजला आणि तेथे दोन बोटांची फट पडली. त्या फटीबद्दल मला फार लाज वाटे.

पुढे हे घर दूर देशातून आलेल्या एका जोडप्याने घेतले. परंतु दुरुस्ती अर्ध्यावर असतानाच पतीचे वडील आजारी पडले आणि दोघे मायदेशी गेले. तीन वर्षे मी कुलूपबंद होतो. पावसाने फुगलो, कोळ्यांना आश्रय दिला.

मित्रांनो, अखेर ते परतले! सोबत वडीलही होते. त्यांची छाती नाजूक होती. थंडी तोंडावर आलेली. मुलाने खिडक्यांना दुहेरी काचा बसविल्या आणि माझ्या चारही कडांना रबरी पट्टी ठोकली.

"आता मुंगीसुद्धा आत यायची नाही!" असे म्हणून त्याने माझी पाठ थोपटली. इतका मान मला पूर्वी कोणी दिला नव्हता.

त्या दिवशी लाकडे जाळायची लोखंडी शेगडी पेटविली आणि सारा धूर खोलीत पसरला. गवंड्यास बोलाविले. त्याने मान वाकडी करून वर पाहिले.

"धुराडं गेलं कामातून. सोमवारी पाडतो. नवं उभं राहायला वसंत उजाडेल."

"आणि तोवर थंडीत काय करायचं?" मुलाने विचारले.

"स्वेटर घाला," गवंडी म्हणाला.

सूनबाई संतापल्या. "मामंजींची छाती काय लोखंडाची आहे? असंच चालायचं असेल तर आपण सगळेच परत जाऊ. हौस पुरे झाली."

मुलगा खाली बसून शेगडीतील राख उपसू लागला. त्याने या घरासाठी शहरातील नोकरी सोडली होती.

रविवारी पुन्हा शेगडी पेटविली, पुन्हा धूर. खोकून खोकून सासरेबुवा बेजार झाले. त्यांनी मला सताड उघडले आणि चौकटीत उभे राहिले.

"मामंजी, दार लावा, गारठा येतोय!"

"थांब गं सूनबाई. आधी तो धूर बघ."

धूर वळला होता. निमूटपणे धुराड्यात शिरत होता. सासरेबुवांनी मला लोटले. धूर खोलीत आला. उघडले, पुन्हा वर गेला. तीनदा असे झाले.

"अरे दिवट्या," ते मुलास म्हणाले, "विस्तवाला हवा नको? तू घराचं नाकच बुजवलंस की!"

मुलगा पकड घेऊन गुडघ्यांवर बसला. खालची पट्टी त्याने ओढून काढली. मला वेदना झाल्या, हे लपवीत नाही. मग माझ्याखालून वारा आत गेला आणि शेगडी घुमू लागली. ज्या फटीची मी आयुष्यभर लाज बाळगली, तिच्यातून हे घर श्वास घेत होते!

सोमवारी गवंडी घण घेऊन आला. मुलाने त्यास धूर न करता पेटलेली शेगडी दाखविली. "मग मी काय धुराड्याला नमस्कार करून जाऊ?" तो म्हणाला. सूनबाईंनी हसून त्यास चहा दिला आणि पुढच्या वर्षी छत शाकारायला कधी येणार, ते विचारून घेतले.

पुढच्या वर्षी! हे दोन शब्द मी माझ्या बिजागऱ्यांपर्यंत ऐकले.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूची काळजी अवश्य घ्या. मात्र तिच्यातील उणीव बुजविण्यापूर्वी ती तेथे काय काम करते, हे क्षणभर थांबून पाहा. आम्हांला सांगता येत नाही.

आपण वेळ दिलात, याबद्दल मी अंतःकरणपूर्वक आभार मानतो.

आपला नम्र,
मागील दरवाजा