पेट्रोलचा काटा आणि पोचूची काडी

पेट्रोलच्या टाकीत तरंगून काटा हलवणारा तोच फ्लोट तिसऱ्यांदा हातात घेताना इस्तारीला देव आठवायच्या ऐवजी पोचूचे पूर्वज आठवले.

सिंदेवाहीत जुन्या गाड्यांचे मीटर नीट करणारा इस्तारी एकटाच. गाडी नीलाबाईंची, वडिलांच्या वेळची अॅम्बेसेडर. तिच्यात पेटी, टाळ, मृदंग घालून बाई गावोगाव कीर्तनाला जात. पोचू त्यांचा ड्रायव्हर, तलावावर मासे धरणाऱ्या घरचा. पेट्रोलचा काटा कधीचा शून्यावर चिकटलेला. महिन्यापूर्वी ऐन रानात पेट्रोल संपलं आणि मुलचेऱ्याची मंडळी मांडवात वाट पाहून घरी गेली. बाईंचं कीर्तन हुकलं, हे इस्तारीला स्वतःचं जेवण हुकण्यापेक्षा जास्त लागलं होतं.

आज सातला गोंडपिपरीत कीर्तन होतं.

"चारपर्यंत काटा खरा बोलला त निघू," नीलाबाई बाकावर बसत म्हणाल्या. "नाई त फोन करून येत नाई म्हणून सांगीन. लोकाईले पुन्हा ताटकळत ठेवणं मले जमत नाई."

इंजिनाच्या तापाचा काटाही बिघडला होता, पण तो तसा लवकर वळणावर आला. इस्तारीच्या बायकोने, चंदाने, भाताचं पातेलं कुरकुरत दिलं. त्यात पाणी उकळायला ठेवून इस्तारीने सेन्सर आणि थर्मामीटर शेजारी शेजारी बुडवले. पाणी जसं तापलं तसा काटाही चढला.

"आता या गंजात भात शिजवू का याचंच सार पाजू तुमाले?" चंदाने विचारलं.

पेट्रोलचा काटा मात्र हट्टाला पेटला होता. टेबलावर बॅटरी जोडून फ्लोट वर उचलला की काटा फुल. गाडीत टाकीवरची वायर काढून डिकीच्या उघड्या लोखंडाला टेकवली, तरी काटा फुल. म्हणजे मीटर चांगला, वायर चांगली, फ्लोट चांगला. पोचूने फ्लोट नेऊन टाकीत बसवला की काटा शून्य.

"दोनदा तुह्या हाती फ्लोट पाठवला," इस्तारी म्हणाला. "दोनदा तू आला, भाऊ, होत नाई म्हणून."

"होतच नाई त काय सांगू?" पोचूने डिकीतून बांबूची काडी काढली. तिच्यावर दर पाच लिटरला चाकूची खाच होती. "मुलचेऱ्यापासून मी हेच टाकून पाहतो. काडी कधी चुकत नाई."

"काडी ठेव बाजूले."

"ठेवतो. पण चुकत नाई."

पावणेचार झाले. नीलाबाईंनी पिशवीतून फोन काढून मांडीवर ठेवला. ते पाहून इस्तारी स्वतःच डिकीत शिरला, झाकण काढलं आणि फ्लोट बसवायला टाकीवर हात ठेवला. हात काळाकुट्ट झाला.

"हे काय आहे?"

"डांबर," पोचू म्हणाला. "टाकी झिरपत होती. मासे धराच्या डोंग्याले लावतो तसं दोन हात दिले. फ्लोटच्या खालीबी, वरतूनबी. मंग एक थेंब गळला का?"

इस्तारीने डोळे मिटले. मनातल्या मनात नाम घेतलं, तरी आवाज चढायचा तो चढलाच. "अरे, करंट टाकीच्या लोखंडातून परत जाते! तू त त्याचा रस्ताच बंद केला. सांगतलं काऊन नाई?"

"तुमी कुठी विचारलं?"

नीलाबाई पदरात हसल्या, पण फोन मांडीवरच होता.

इस्तारीने फ्लोटखालचं डांबर खरवडलं, लोखंड चमकेपर्यंत घासलं, स्क्रू आवळले. पोचूने किल्ली फिरवली. काटा हलला, सावकाश चढला आणि पाव टाकीवर थांबला.

"काडी टाक," नीलाबाई म्हणाल्या.

इस्तारीला ते अजिबात आवडलं नाही. पण काडी पडली आणि पंधरा लिटरच्या खाचेपर्यंत ओली निघाली. चोपन्न लिटरच्या टाकीचा पाव म्हणजे साडेतेरा, म्हणजे काटा थोडा कमी सांगत होता. इस्तारीने दात आवळून स्क्रू पुन्हा काढले, फ्लोटची तार जराशी वाकवली, परत बसवलं. आता काटा आणि काडी एकच बोलत होते.

बाईंनी फोन पिशवीत टाकला. "चला. इस्तारीभाऊ, तुमीबी बसा. टाळ धरायले माणूस कमी आहे."

इस्तारी हात पुसत वळला, तर पोचू डिकीत वाकलेला. हातात डांबराचा डबा आणि ब्रश.

"आता काय?"

"खरवडलं तिथी पाणी शिरन ना, भाऊ."

इस्तारीने डबा हिसकावला. मांडीवर घट्ट धरून तो मागच्या सीटवर बसला, आणि गोंडपिपरीच्या मांडवात टाळ हाती येईपर्यंत त्याने तो खाली ठेवला नाही.