मॅव्हिसच्या डोळ्यातला चौकोन

मागच्या खेपेला चर्चने सभासदांच्या फोटोंची पुस्तिका काढली तेव्हा आर्डिस हेगस्टॅडने फोटो द्यायला साफ नकार दिला. नवऱ्याच्या, ऑरिनच्या, फोटोशेजारी मोकळी जागा बरी दिसत नाही म्हणून छापणाऱ्याने तिथे एक लहानसा क्रॉस टाकला, वारलेल्यांच्या नावापुढे टाकतात तसा. पुस्तिका घरोघरी पोचली आणि तिसऱ्या दिवशी गावात नवीन आलेलं एक जोडपं हॉटडिशचं, म्हणजे दुःखाच्या घरी नेतात त्या भाजलेल्या मांस-बटाट्याचं, गरम भांडं घेऊन दारात उभं राहिलं. दार आर्डिसनेच उघडलं.

"ऑरिनच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत," बाई म्हणाली.

"मीही आहे," म्हणत आर्डिसने भांडं आत घेतलं. वरचे बटाट्याचे गोळे छान खरपूस झाले होते.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. आता नवी पुस्तिका निघत होती. फोटो रविवारी सकाळपर्यंत द्यायचे होते आणि आर्डिसने ऑरिनला अट घातली होती. "एकदाच काढायचा. मॅव्हिससारखा आला तर छापायचा. नाही आला तर मी परत मेले असं समज."

मॅव्हिस लुंड दोन घरं सोडून, भावाकडे राहायची. तिचा फोटो त्यानेच, गेलनने, काढला होता. चर्चच्या फलकावर तो लागल्यापासून बायका कॉफीचे कप घेऊन त्याच्यासमोर उभ्या राहत. मॅव्हिस सत्तरीची होती आणि फोटोतही सत्तरीचीच दिसत होती, पण ती सत्तरी बघून तिथे राहायला जावंसं वाटे. सुरकुत्या होत्या, पण तक्रार करत नव्हत्या. सगळी करामत उजेडाची.

ऑरिन आणि गेलन दोघंही गावातल्या हौशी फोटोवाल्यांच्या क्लबात. क्लबाचा नियम एकच: दिव्यांचं सामान हार्डवेअरच्या दुकानात मिळेल तेवढंच वापरायचं. नियमामागे तत्त्व आहे असं ते सांगत. फोटोचं दुकान दीडशे मैलांवर आहे हे सांगत नसत.

"कसा काढलास रे?" ऑरिनने विचारलं.

"कॅमेऱ्याने."

"दिवा कुठला होता?"

"होता एक."

पन्नास वर्षांच्या दोस्तीत गेलनने त्याच्यापासून एकच गोष्ट लपवली होती, मासे लागण्याची जागा. आता दोन झाल्या.

ऑरिनने घरी येऊन क्लबाकडची मूळ प्रत संगणकावर उघडली आणि मॅव्हिसचा डावा डोळा मोठा करत नेला. समोर जो दिवा असेल तो बुबुळावर उमटतो. दिव्याला छत्री लावली असली तर गोल, खिडकी असली तर चौकोनी. डोळा पडद्याएवढा झाला. आत एक उभा, पांढरा चौकोन होता. त्यात तीन आडव्या रेघा, आणि मधल्या रेघेवर काहीतरी बुटकं, हिरवट.

"खिडकी," ऑरिन म्हणाला.

"मग ते हिरवं काय?" आर्डिसने मागून विचारलं.

"कुंडी."

"गेलनच्या घरात? तिथे प्लॅस्टिकचं झाड वाळलेलं पाहिलंय मी."

पण ऑरिनने खिडकी तयार करायचं मनावर घेतलं होतं. त्याने चिमट्याने अडकवायचे, ॲल्युमिनियमच्या वाडग्यांचे चार दिवे आणले, आणि शॉवरचे पांढरे पडदे आणले. तिसऱ्या पडद्याला दुकानातली डोरीन म्हणाली, "ऑरिन, न्हाणीघरं आहेत तरी किती तुमच्याकडे?"

"एकच. हा बैठकीच्या खोलीत लावायचाय."

डोरीनने पुढे काही विचारलं नाही. दुपारपर्यंत हेगस्टॅड मंडळी बैठकीत आंघोळ करतात हे गावभर झालं.

फोटो एकदाच काढायचा असल्यामुळे तालमीला आर्डिस मिळणार नव्हती. ऑरिनने शिकारीला वापरायचं लाकडी बदक स्टुलावर बसवलं, कारण त्याला काचेचे डोळे होते. उघड्या दिव्यात बदक नुकतंच पोलिसांनी पकडून आणल्यासारखं दिसलं. मध्ये पडदा धरला तसं ते निवळलं. पडदा जितका जवळ, तितका उजेड मऊ. चोचीखाली पांढरा पुठ्ठा ठेवल्यावर मानेवरची सावली गेली. गुरुवारपर्यंत बदक बरंच तरुण झालं होतं.

"ही मी का?" आर्डिसने विचारलं.

"तुझ्या जागी आहे."

"मग तिचाच छाप."

तरीही मॅव्हिसचा उजेड वेगळा होता. तो खालून, वरून, दोन्ही बाजूंनी येत होता. खिडकीला हे जमत नाही. शनिवारी सकाळी ऑरिन गेलनकडे कॉफीला गेला आणि लघवीला जायच्या निमित्ताने दोनदा उठून घरभर फिरला. सगळ्या खिडक्या बुटक्या होत्या, उभी एकही नव्हती.

"प्रोस्टेट का?" गेलनने विचारलं.

"खिडक्या."

"डॉक्टरला दाखव."

तेवढ्यात मॅव्हिस दूध काढायला उठली आणि तिने फ्रिज उघडला. उजेड तिच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. आत काचेच्या तीन फळ्या होत्या. मधल्या फळीवर काकडीच्या लोणच्याची बरणी.

ऑरिनने कप खाली ठेवला. "गेलन, फ्रिज."

गेलन कॉफीत बघत राहिला. "नवा आहे. आत चारी बाजूंनी दिवे. ती लोणचं शोधत होती, मी सहज बटण दाबलं."

"मग सांगितलं का नाहीस, लेका?"

"लोक मला उजेडाबद्दल विचारायला लागले. मला आजवर कुणी कशाबद्दल विचारलं नव्हतं. फ्रिज म्हटलं असतं तर सगळे फ्रिजकडे बघत बसले असते."

ऑरिनने घरी येऊन सगळं सांगितलं. आर्डिसने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे माझ्या डोळ्यात आपला फ्रिज दिसणार."

"मोठा करून बघितला तरच."

"तू बघितलास ना?"

मग ऑरिनने जुन्या फ्रिजच्या आत कडेकडेने बॅटरीवरचे छोटे दिवे चिकटवले, आणि आर्डिसने फ्रिज रिकामा केला. फळ्या व्हिनेगरने पुसल्या. दोन राष्ट्राध्यक्षांपूर्वीची मोहरीची चटणी टाकून दिली. बरण्या उंचीप्रमाणे लावल्या. गळाला लावायच्या गांडुळांचा डबा तिने ऑरिनच्या हातात दिला. "हा चर्चच्या पुस्तिकेत जाणार नाही."

दुपारी ती निळा स्वेटर घालून फ्रिजसमोर स्टुलावर बसली. मांडीवर पांढरा पुठ्ठा. ऑरिन फ्रिजच्या दाराला चिकटून, पोट आत घेऊन उभा होता. आर्डिसने कॅमेऱ्याकडे बघितलं आणि दाताच्या डॉक्टरकडे करतात तसा चेहरा केला. ऑरिनचं बोट बटणावर होतं, पण दाबवेना. फोटो एकच मिळणार होता, आणि हा चेहरा मॅव्हिससारखा नव्हता.

"काढ की."

"काढतो."

वाट बघून तिची नजर आपोआप फ्रिजच्या आत वळली. तिने मान थोडी कलती केली. मघाशी लोणी वरच्या फळीवर ठेवलं होतं, ते आता दिसत नव्हतं. ती जरा पुढे झाली. कशामागे गेलं असेल ते शोधताना तिच्या भुवया सैल झाल्या, ओठ किंचित उघडले, आणि ऑरिनने बटण दाबलं.

"अरे, मी तयार नव्हते."

"एकदाच म्हणाली होतीस."

संगणकावर तिने आधी डोळाच मोठा केला. बरण्या रांगेत होत्या, अंडी सरळ होती. मग तिने चित्र हळूहळू लहान केलं, आणि तिचा चेहरा पूर्ण पडद्यावर आला.

"लोणी शोधताना मी अशी दिसते?"

"रोज."

"आणि तू कधी बोलला नाहीस."

"मला वाटलं, तुला माहीत असेल."

"पाठव," आर्डिस म्हणाली, आणि तो पाठवेपर्यंत त्याच्या खांद्यामागून हलली नाही.