गाठ मारणारी चोच

कृषी विद्यालयाच्या शेडमध्ये दोन जुने बेलर शेजारी शेजारी उभे होते, एक लाल, एक निळा. वाळलेलं गवत उचलायचं, दाबून चौकोनी गठ्ठा करायचा आणि सुतळीने बांधून मागे टाकायचा, हे बेलरचं काम. त्यातला गाठ मारणारा भाग जगात सर्वांत आधी आपणच बनवला, असं दोन्ही कंपन्या छातीठोकपणे सांगत होत्या. यंत्रांसमोर शोध कुणाचा ते सांगणारी पाटी लावायची होती आणि विद्यालयाचे मास्तर कात्रीत सापडले होते. शेवटी त्यांनी दोन्हीकडच्या इंजिनियरांना बोलावलं, आणि यंत्रं खोलायला फिटरबाईला.

फिटरबाईबरोबर तिच्या सासूबाईही आल्या. घरी एकटीला करमत नाही म्हणून त्या रोजच सुनेबरोबर कामावर येत आणि नट-बोल्ट निवडून देत.

"मूळ रचना आमची," लाल कंपनीचे साहेब फाइल उघडत म्हणाले. "बाकीच्यांनी नक्कल केली."

"फाइल आमच्याकडेही आहे," निळ्या कंपनीच्या मॅडम म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा जाडच आहे."

फिटरबाई हसू दाबत पाना फिरवत राहिली. झाकणं निघाली, वर्षानुवर्षांचं ग्रीस पुसलं, तेव्हा दोन्ही यंत्रांत बोटभर लांबीची एकेक लोखंडी चोच दिसली. तिने लालमधली काढून निळ्यात बसवली. चपखल बसली. साहेबांनी चष्मा पुसला.

"चालतेय का बघू," ती म्हणाली. सुतळी ओवली आणि मोठं चाक हाताने, अगदी हळू फिरवलं.

चोच सुतळीला टेकली. मान वळवावी तशी तिने एक पूर्ण गिरकी घेतली. सुतळीचा फास तिच्याभोवती पडला. मग ती उघडली, दोन्ही टोकं तोंडात धरली आणि मिटली. पात्याने सुतळी कापली. बाजूने एक दांडा आला आणि त्याने तो फास चोचीवरून अलगद उतरवला. गाठ.

साहेब चाकाजवळ येऊन वाकले.

"अकरा वर्षं यावर काम करतोय," साहेब म्हणाले. "ड्रॉइंग तोंडपाठ आहे. पण चालू यंत्रात वेगामुळे हे दिसतच नाही. मी आज पहिल्यांदा बघितलं."

"पुन्हा फिरव गं," सासूबाई म्हणाल्या.

तिसऱ्या खेपेला त्या स्टुलावरून उठल्या आणि खाली पडलेला सुतळीचा तुकडा त्यांनी उचलला. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी शेतात हाताने पेंढ्या बांधल्या होत्या. अंगठा आणि तर्जनी सुतळीला टेकली, मनगट गर्रकन वळलं, बोटं उघडली, टोकं धरली, दुसऱ्या हाताने फास खाली सरकवला. गाठ.

"आजी, जरा सावकाश कराल?" मॅडमनी विचारलं.

"सावकाश केलं की हात विसरतो हो." तरी त्यांनी करून दाखवलं.

मॅडम एकदा हाताकडे, एकदा चोचीकडे बघत राहिल्या. "म्हणजे ही चोच घडवण्याआधी कुणीतरी असा हात बघत बसलं होतं. किती दिवस बघितला असेल?"

"किंवा त्याचा स्वतःचाच असेल," साहेब हळूच म्हणाले.

फिटरबाईने पाना खाली ठेवला. चौदा वर्षं तो हात तिच्या घरात वावरत होता आणि तिने त्याच्याकडे कधी धड पाहिलं नव्हतं.

मास्तरांनी पाटीवर कुठल्याच कंपनीचं नाव घातलं नाही. दोन्हीकडून रुसव्याची पत्रं आली, ती त्यांनी फाइलला लावली. झाकणं मात्र काढलेलीच ठेवली आणि चाकाला मूठ बसवून घेतली. वर्गच्या वर्ग तिथे उभे राहून ते चाक फिरवतात.

यंत्रं खोलली त्याच संध्याकाळी फिटरबाई घरी सासूबाईंसमोर सुतळी घेऊन बसली. "आई, मला शिकवा."

पहिल्यांदा फास सुटला, दुसऱ्यांदा बोटच अडकलं. तिसऱ्यांदा गाठ बसली. सासूबाईंनी ती ओढून बघितली आणि सुतळीचा पुढचा तुकडा तिच्या हातात दिला.