खिडकीतली ओली चादर

दुपारी आभाळ विटकरी झालं, तसे आम्ही दारं-खिडक्यांच्या फटींत ओले पंचे कोंबले. वाळवंटाच्या कडेला असलेल्या आमच्या जहरा गावात धुळीचं वादळ उठलं की हे काम कुणाला सांगावं लागत नाही. माझी नात लुलवा आतल्या खोलीत झोपली होती. तिला दमा आहे. तिचा बाप, माझा थोरला, तेलविहिरीवर कामाला असतो. घरात मी, सून हेसा आणि माझा धाकटा मिशाल.

मिशाल बैठकीत लोळत व्हेप ओढत होता. गोडसर पांढरे ढग छताला लागून तिथंच तरंगत होते. त्यांना बाहेर जायला वाट कुठं होती?

“अरे, पोर झोपलीय,” मी म्हणाले.

“यम्मा, ही नुसती वाफ. तुझ्या चहातूनही निघते.”

“माझ्या चहाला कलिंगडाचा वास येत नाही.”

तो हसला. मलाही हसू आलं. तेवढ्यात लुलवा दारात येऊन उभी राहिली. खांदे वर ओढलेले, एक हात चौकटीला धरलेला.

“यद्दा,” ती मला म्हणाली. मग थांबली. “छाती.”

आमच्या घरात सगळ्या खोल्यांना एकाच एसीची हवा जाते. बैठकीतला ढग तिच्या उशाशी पोचला होता. मी तिला पलंगावर ताठ बसवलं, पंपातलं औषध दिलं. मिशालनं रुग्णवाहिकेला फोन लावला. मी त्याच्याजवळ जाऊन उभी राहिले.

“रस्ता दिसत नाही म्हणतात,” तो म्हणाला. “निघालेत, पण उशीर होईल.” त्याचा आवाज बारीक झाला होता.

मागून उदाचा वास आला.

घरात मासळीचा वास येवो की आजारपणाचा, आमच्या बायकांचा हात आपसूक धुपाटण्याकडे जातो. उदाच्या धुरानं घर शुद्ध होतं, हे आम्ही लहानपणापासून मनात धरलेलं. हेसानंही तेच केलं होतं. निखाऱ्यावर ऊद टाकून धुपाटणं खोलीभर फिरवलं होतं, लेकीच्या डोक्यावरूनसुद्धा.

“खाला, त्या व्हेपच्या घाणेरड्या वासानंच तिचा जीव घुसमटतोय,” ती रडवेली होऊन मला, सासूला, म्हणाली. “आता जाईल.”

लुलवाच्या छातीतून शिट्टी वाजत होती. प्रत्येक श्वासाला गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण तिला बोलता येईना. ते न बोलणं मला सगळ्यात भयंकर वाटलं.

मी धुपाटणं ओढून घेतलं, न्हाणीघरात नेऊन नळाखाली धरलं आणि बाहेर येऊन दार लावून घेतलं. पण घरात भरलेला धूर कुठं न्यायचा? खिडकी उघडावी तर धूळ आत येणार, आणि धूळही तिचा वैरीच. मी बंद खिडकीकडे बघत उभी राहिले.

“मिशाल, एसी बंद कर. स्वयंपाकघरातला धूर ओढणारा पंखा लाव. मधली सगळी दारं उघड.”

“यम्मा, पण बाहेरची हवा...”

“वाऱ्याच्या पाठीकडची खिडकी उघडू. चादर भिजवून आण, दुहेरी कर.”

त्यानं ओली चादर खिडकीत ताणली, दोन्ही हात वर करून कडा दाबून धरल्या. चादर आत फुगली. छताखालचा ढग हलला, लांब होत गेला आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं सरकू लागला. पण फार हळू. हेसानं लेकीला पुन्हा पंप दिला. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसले, हाताखालची शिट्टी ऐकत. उकाडा वाढला. चादर तपकिरी झाली, मिशालची कोपरं खाली येऊ लागली.

“सोड, मी धरते,” हेसा म्हणाली.

“नको, वहिनी.”

खोलीत आता फक्त ओल्या मातीचा वास होता. शिट्टी बारीक झाली की मला ऐकू येईनाशी झाली, ते कळेना. मी वाकून कान लावला. श्वास चालू होता.

“अम्मू,” लुलवा काकाला म्हणाली, “तुमच्या भुवयांवर इतकी धूळ बसलीय की तुम्ही म्हाताऱ्या उंटासारखे दिसताय.”

सगळं एका दमात. कुणीही हसलं नाही.

“बोल,” चादर न सोडता मिशाल म्हणाला. “अजून बोल. लांबलचक काहीतरी बोल.”